धन्याच्या नावचं पत्र

नगरहून येऊन वर्ध्याला मी उतरले आणि माझी वळकटी नागपूरला गेली. हमालाने ती दुसऱ्याच डब्यात चढवली होती. गावोगावच्या सभांत ज्यातून वाचायचं ते बायबल हातात होतं, म्हणून मिशनचं काम अडलं नाही. माझी झोप तेवढी अडली.

सेलूपर्यंत मोटार, पुढे बंडी (बैलगाडी). दोन्हीकडे वेचणी संपत आलेला कापूस. गाडी हाकणारा दामू पाठ कुठेच टेकत नव्हता.

"पाठीला काय झालं?"

"मालगुजाराचा बैल मेला, बाई. मी ओढाले नाई म्हटलं."

मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार. कायद्याने मालगुजारी गेली होती, काठी राहिली होती. मेलेली जनावरं ओढणं हे दामूच्या वस्तीचं काम. गेल्या दसऱ्याला वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध झाली आणि त्यांनी ते सोडलं. उरली चार ख्रिस्ती घरं. हुकूम आता त्यांना.

उपदेशक मास्तरांनी मला दारातच गाठलं. "चाकरांनी कठोर धन्याचंही ऐकावं, अन्याय सोसावा, बायबलातलं तेच पत्र वाचा. दामू उद्या बैल उचलेल. प्रार्थनाघराची जागा मालगुजारांचीच आहे हो."

जेवायला आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. वाऱ्यावर बैलाचा वास आला नसता तर आणखी एक भाकर खाल्ली असती.

दुपारच्या सभेत मी तो भाग वाचला. नगरला वीसदा तरी वाचलाय. तिथे ऐकणाऱ्यांच्या पाठी शाबूत असतात. दामू जमिनीकडे बघत होता. त्याची बायको राहेल माझ्याकडे.

"बाई, हे पत्र कोनाले लिवलं?"

"चाकरांना."

"अन् धन्याले काईच नाई लिवलं?"

मास्तर खोकले. मी पानं चाळली. दुसऱ्या एका पत्रात एक ओळ निघाली: धन्यांनी चाकरांशी न्यायाने वागावं, वर त्यांचाही धनी आहे.

"मंग हे त्याच्या घरी काऊन नाई वाचलं?"

या वस्तीत टपालाचा एक नियम आहे. वाचता येणारे थोडे, म्हणून ज्याच्या नावाचं पत्र त्याच्या दारात जाऊन मोठ्याने वाचायचं. दाबून ठेवणं पाप. राहेलने पदर खोचला. मास्तरांना एकाएकी दमा लागला.

मालगुजार ओसरीवर सुपारी कातरत होते. मी अंगणात उभी राहून वाचलं. ओळ एकच, त्यामुळे लवकर संपलं.

"जागा म्या देली," ते म्हणाले, "अन् पत्र मलेच?"

"तुमचंच होय, मालक," राहेल म्हणाली. "इतके साल आमच्या घरी पडून होतं. बैल आता आमी उचलत नाई."

अडकित्ता थांबला. आम्ही उत्तराची वाट न बघता निघालो.

सकाळी परतताना दिसलं: मालगुजारांचे दोघे लेक नाकाला उपरणं बांधून बैल ओढत होते. प्रार्थनाघराला कुलूप होतं आणि मास्तर बाहेर पायरीवर बसले होते. दामूने बंडी थांबवली नाही. "सभा आमच्या अंगणात भरन," एवढंच म्हणाला.

नगरला वळकटी माझ्याआधी पोचली होती. आमच्याकडे कामाला येणारी चंद्रभागा ती उचलून आत नेत होती. दोन वर्षं ती रविवारची सुट्टी मागते आहे आणि दोन वर्षं मी तिला धीर धरायला शिकवते आहे.

"बाई, काय वाचलंत तिकडं?"

मी वळकटीचं दुसरं टोक धरलं.

"या रविवारी येऊ नकोस," मी म्हणाले.

"आन् पुढच्या?"

हिची आणि राहेलची कधी गाठ पडलेली नाही. "पुढच्याही," मी म्हणाले.