मेलेल्या कानाचा तोल

मढच्या पश्चिमेच्या वाडीत हिरड्याच्या उंच झाडावर चढावे ते चिमाजीनेच. बाळहिरडा, औषधासाठी विकला जाणारा कोवळा हिरडा, धरतो फांद्यांच्या शेंड्यांना. तिथवर पोचायचे आणि फांदी मोडू द्यायची नाही, ही त्याची करामत होती. लहानपणी गालगुंडांच्या तापात त्याचा डावा कान गेला होता. त्याचे त्याला दुःख नव्हते. खालून कोणी शिव्या घातल्या, तर तो हसून तोच कान पुढे करी.

१९९९च्या उन्हाळ्यात, चाळिशी गाठलेल्या चिमाजीभोवती एका दुपारी अंगण गरगरू लागले. पुढे हे वरचेवर होऊ लागले. आधी डाव्या कानात दडा बसे, मग तास-दोन तास डोंगर फिरत, ओकाऱ्या होत, पाऊल सरळ पडत नसे. नारायणगावच्या डॉक्टरांनी समजावले : कान ऐकण्यापुरता मेला आहे, तोल सांभाळणारा त्याचा आतला भाग जिवंत आहे आणि आता तिथे पाणी वाढते आहे. त्यांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडले आणि झाड कायमचे बंद केले.

परतीच्या एसटीत त्याने बायकोला, लंकाबाईला, बजावले, "यातलं कुणाला बोलायचं न्हाई."

"आन दारात पडलात तर काय सांगू?"

"पिऊन आला म्हण. पिणाऱ्याला सकाळी परत हाक मारत्यात. दुखणाईताला कोण मारतंय?"

जन्मात थेंब न चाखलेला हा माणूस मग दारूने चूळ भरू लागला, चार थेंब सदऱ्यावर शिंपडू लागला. त्याचा होरा खरा ठरला. तो झोकांड्या देत चालला की वाडी हसे, आणि दुसऱ्या दिवशी झाडावर चढायला बोलावणे येई. लेक मोहिनी मात्र बापाशी बोलेनाशी झाली. तिलाही त्याने खरे सांगितले नाही.

२००२च्या वैशाखात तो शेंड्याजवळ असताना कानात दडा बसला. खोडाकडे सरकण्याआधीच झाड फिरले. फांदीला मिठी मारून, डोळे मिटून तो म्हणाला, "रामदास, दोर घेऊन वर ये. बांध मला."

खाली धाकटा भाऊ हिरडा वेचत होता. "बसा तितंच, दादा. उतरंल घटकाभरानं."

"पिलो न्हाई रं. आजार हाय मला."

"बाटलीत मिळतो त्यो आजार," शेजारचा सावळेराम म्हणाला, आणि वेचणाऱ्या बायका हसल्या.

चिमाजी वरून ओकला, तेव्हा त्यांनी पोती बाजूला ओढली आणि भाकरी सोडल्या. पाणी घेऊन आलेल्या लंकाबाईने नारायणगावचे सगळे सांगून टाकले.

"किती झाकशील, वयनी?" रामदास म्हणाला.

तिने पदर खोचून स्वतःच खोडाला हात घातला. ती पहिल्या फांदीला पोचते न पोचते, तोच वरची मिठी सुटली.

चिमाजीचे कंबरेखालचे अंग गेले. झाडावर आता रामदास चढतो. भोवळ मात्र थांबलेली नाही. ती आली की चिमाजी खाटेचा काठ नखे पांढरी होईस्तोवर धरून ठेवतो.

"सोडा की," लंकाबाई म्हणते, "आता कुठं पडणार हाय?"