पंख्यासाठी येणारा फोन

मुलगा पुण्यात असतो. रविवारी सकाळी फोन करायचा, तो लॅपटॉपसाठी. मला राग नाही, जे आहे ते सांगतो.

लॅपटॉप त्याचा कॉलेजातला. आत एक बारकी चिप असते, ती पंखा, बॅटरी, दिवे सांभाळते. यानं त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं तर पंखाच फिरेना. मग त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, यानंच लिहिला, जगाला फुकट देऊन टाकला आणि तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात गेला. गेला म्हणजे सुटला असं नाही. दर आठवड्याला कर्नलची कच्ची आवृत्ती निघते, ड्रायव्हर तिच्यात चालतो का बघावं लागतं, कुणाकुणाच्या तक्रारींना उत्तरं द्यावी लागतात. मी चौथीत शाळा सोडून चादरीच्या कारखान्यात मागावर गेलेला माणूस. एवढं समजायलाच मला वर्षं गेली.

नोकरी लागल्यावर त्यानं नवा लॅपटॉप घेतला, जुना सोलापुरातच राहिला. तपासणी मात्र जुन्यावरच व्हायची. नवा कर्नल तो पुण्यातून इंटरनेटवरून त्यात घालायचा, पण पंखा खरंच फिरतो का ते घरातल्या माणसानं सांगायचं. पंखा बंद असला तरी चिप कधीकधी फिरतोय म्हणून आकडा देते. हे काम बायकोचं. गरम वारा निघतो त्या फटीपाशी ती सुताचा धागा धरायची आणि सांगायची, हलतोय रे. मग दोघं तासभर बोलत बसायची. त्याचं जेवण, तिचे गुडघे, शेजारणीच्या पोरीचं लग्न. त्यातच माझीही चौकशी होऊन जायची.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. कर्नलमधल्या बदलाखाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे, तिथं तिचं नाव असायचं. तिचे दिवस झाल्यावर मुलगा म्हणाला, आता तुमचं घालतो. मी म्हणालो, तिचंच राहू दे. तर म्हणाला, जुन्या बदलांखालचं तिचं नाव कुणी पुसत नाही, पण नव्याखाली ज्यानं तपासलं त्याचंच लागतं. बरोबरच होतं. मेलेलं माणूस पंखा बघत नाही.

मग धागा मी धरू लागलो. हलतोय. बॅटरीचा दिवा? लागलाय. बरं, आबा. फोन बंद. ती होती तोवर आम्हाला एकमेकांशी बोलायची गरजच पडली नव्हती.

यंदा मे महिन्यात घरावरचा पत्रा लई तापला होता. लॅपटॉप चालू केला, पंखा घरघरला आणि मशीन काळं पडलं ते उठलंच नाही. दुरुस्तीवाला दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, भंगारात घाला. मुलाला खोटं सांगावं असं मनात आलं होतं. पण तो पुण्यातूनच मशीन उघडून बघायचा, लगेच कळलं असतं.

रविवारी फोन आल्यावर सांगितलं, बंद पडला. आपल्याच बदलानं पडला का, म्हणून तो घाबरला. तुझा काय दोष न्हाय म्हटलं. तेव्हा म्हणाला, परदेशातला एक माणूस तेच मॉडेल वापरतो, तो तपासून देईन म्हणतोय. ड्रायव्हर चालू राहील, काळजी नको.

"ड्रायव्हरचं मरू दे. तू आता फोन कशाला करशील?"

"असं काय बोलता, आबा."

"इचारतोय. कशाला करशील, सांग की."

मागून त्याला कुणीतरी हाक मारली, तेवढ्यावर त्यानं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला. ऊन लई आहे का, विचारलं. आहे म्हटलं. नळाला पाणी कधी आलं? काल. बरं, आबा. फोन बंद.

त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. दुपारपर्यंत वाट बघून मीच लावला. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, येणार का, विचारलं.

"बघतो," तो म्हणाला.

असं बघतो म्हणाला की ती त्याला दोन शिव्या हासडायची आणि तो एसटी धरून यायचा. माझ्या तोंडून शिवी निघाली नाही. बरं म्हणालो आणि ठेवला.