माकडाचा रकाना

ज्या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट कारण कळल्याशिवाय सोडली नाही, त्याला मी दोन वर्षं एका न आलेल्या माकडाच्या मागे लावलं. चूक माझी होती. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काकाजींची गंमत वाचताना खरं हसायचं कुणाला, हे ध्यानात राहील.

काकाजी म्हणजे भिलाईच्या कोहका वस्तीतले आमचे शेजारी. पोलादाच्या प्लांटमध्ये उभा जन्म भट्टीसमोर काढला, रिटायर झाले आणि गच्चीवर सोलर बसवलं. त्या दिवसापासून आकाश त्यांच्या ड्युटीवर लागलं. रोज संध्याकाळी मीटर पाहून ते वहीत रकाने भरत: ऊन, ढग, वारा, धूळ, युनिट. "आज ऊन आहे" असं ते कधी म्हणत नसत. "आज बारा युनिटचं ऊन हाय" म्हणत. लग्नाच्या मांडवात अक्षता हातात धरून वर बघत, आणि ढग सरकला की शेजारच्याला सांगत, "अर्धं युनिट गेलं." कुणाकडे दुःखाला भेटायला गेले तरी तारीख विचारून हळूच पुटपुटत, "त्या दिवशी दिवसभर झाकोळ होता जी." पॅनेल पांढऱ्या रुमालाने पुसून त्यावरची लालसर धूळ उजेडात धरून अशी न्याहाळत, जशा बायका साडीचा पोत बघतात.

मे महिन्यात भिलाई भाजून निघते तेव्हा वीजही भरपूर होत असेल, असं मी एकदा म्हणालो. काकाजींनी वहीच पुढे केली. फेब्रुवारीच्या थंड, स्वच्छ उन्हात युनिट जास्त. मेच्या आगीत कमी.

"असं कावून, काकाजी?"

"अबे, पॅनेलले उजेड पाहिजे, ताप नाही पाहिजे. मले विचार ना! भट्टीसमोर मे महिन्यात माह्या हातून किती काम होत होतं?"

दोन वर्षांपूर्वी मेमध्येच ते पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गोंदियाला गेले. वही माझ्या हाती दिली आणि तीनदा बजावलं, "पॅनेल धुवायचं ते सूर्य निघायच्या आधी. काच तापल्यावर पाणी नको लावजो." चार दिवस मी पहाटे उठलो. पाचव्या दिवशी झोपून राहिलो, आणि वहीत 'धुतलं' लिहायचं राहू नये म्हणून दुपारी एक वाजता बोअरचा पाइप घेऊन वर गेलो. गार पाणी पडताच टच्च आवाज झाला आणि एका काचेवर तड्यांचं जाळं पसरलं. काकाजी परतले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माकडं आली होती."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माकडावर मात्र ठेवला नाही. एवढ्याशा उडीने एवढी जाड काच फुटते कशी? ते कोडं त्यांना सोडेना. नवं पॅनेल बसलं, पण वहीत एक रकाना वाढला: 'माकड'. त्यात रोज 'नाही' लिहिलं जाई. पावलं उमटावीत म्हणून त्यांनी गच्चीवर पीठ पसरलं, ते मुंग्यांनी नेलं. केळी टांगली, ती खारींनी खाल्ली. मला बोलावून ते विचारत, "वजन किती असन रे त्याचं? तू पाहिलं ना?" मी हाताने माकडाची उंची दाखवत असे. ती दर वेळी वेगळी निघे आणि काकाजी तीही लिहून घेत.

या मेमध्ये ते दुपारभर छत्री घेऊन माकडाची वाट बघत गच्चीवर बसले, आणि त्यांना उन्हाची लू लागली. सलाइन लावून घरी आणलं. मी भेटायला गेलो तर खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाले, "जरा वर जाऊन पाह्य बरं. आज मी नाही, आजच येईन तो."

माझ्याने पायरी चढवेना. मी खाटेशी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काकाजींनी मान माझ्याकडे वळवली.

"किती वाजता?"

"एक."

"पाणी बोअरचं?"

"हो."

"म्हणजे काच तापलेली अन् पाणी गार," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. वही मागवली. पेन्सिल माझ्याकडे दिली. मी माकडाच्या रकान्यावर उभी रेघ ओढली.

"दोन वर्षं त्या जनावराले शिव्या देऊन राहिलो मी," काकाजी म्हणाले. "त्याची माफी कोन मागन?"

"मीच मागतो, काकाजी. पण आधी तुमची मागू द्या," मी म्हणालो, आणि त्यांचे पाय धरले. अजून तापलेलेच होते.