विसातले नऊ

एनिड टेबट बाईंची डावी भुवई उजवीपेक्षा विरळ होती आणि त्यांना त्याची काडीची लाज नव्हती. केंब्रिजच्या त्या प्रयोगशाळेत किड्यांना शिवायचं ते भुवईच्या केसानंच. टूथपिकच्या टोकाला केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली, मिलिमीटरभर लांबीच्या आरपार दिसणाऱ्या किड्याच्या डोक्याशी हलकेच फिरवायचा. किडा मागे सरकला म्हणजे त्याला स्पर्श कळला. एकोणीस वर्षं हेच केल्यावर कुणाची भुवई जागेवर राहील?

त्याआधी चोवीस वर्षं बाई हिस्टनच्या जॅम कारखान्यात पट्ट्यावरून धावणाऱ्या स्ट्रॉबेऱ्यांतली नासकी फळं वेचत होत्या. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. प्रयोगशाळेत आल्या त्या किड्यांच्या काचेच्या बशा धुवायला. एकदा कुणाच्या तरी सूक्ष्मदर्शकात सहज डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा सारखा डावीकडे ओढतोय, काहीतरी बिघडलंय याचं." खरंच बिघडलं होतं, आणि तीन पदवीधरांना ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून खिडकीजवळचं स्टूल बाईंचं झालं.

१९८३ च्या वसंतात डॉक्टर लायनेल गार्साइड भलताच खुशीत होता. किड्याच्या तीनशे दोन चेतापेशींपैकी 'मागे हो' असं सांगणाऱ्या नेमक्या दोन आपल्याला सापडल्या, अशी त्याची खात्री होती. त्या लेझरनं जाळल्या की डोक्याला कितीही शिवा, किडा बधिर. लेख सोमवारी पाठवायचा होता. राहिली होती फक्त मोजणी, आणि ती बाईंकडे. वीस जाळलेले, वीस साधे, प्रत्येक वेगळ्या बशीत. बशीवर नुसता आकडा. कोण कुठला, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

बाईंनी प्रत्येकाला एकदा शिवलं, दिसलं ते लिहिलं. कोण कुठला याची यादी उघडली तर जाळलेल्या विसातले नऊ चांगले मागे सरकले होते.

"एनिड, तुमचा केस जाड झालाय," गार्साइड म्हणाला. "जोरात लागत असेल. हे नऊ पुन्हा बघा."

"आता कुठले नऊ ते मला माहीत झालंय, डॉक्टर. आता माझ्या डोळ्यांचा काय भरवसा? मी नाही बघणार."

"अहो, एवढंसं काम! आभारात तुमचं नाव घालतोय मी."

"मग काढा. नसलेल्या गोष्टीखाली माझं नाव नको."

गार्साइडचे कान लाल झाले. "ठीक आहे. मीच मोजतो. तुम्ही सोमवारपासून खाली, बशा धुवायला."

चहाच्या वेळी कँटीनमधली बेरिल कप पुढे सरकवत म्हणाली, "दोन वर्षांत पेन्शन, एनिड. गप बसली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?"

"झडली असती," बाई म्हणाल्या आणि बिस्किट न घेताच उठल्या. आतून मात्र त्या हादरल्या होत्या. त्या स्टुलावाचून आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दुपारी गार्साइड मोजायला बसला. बाई सूक्ष्मदर्शकाच्या, दुसऱ्याला बघण्यासाठी असलेल्या जोडनळीतून बघत राहिल्या. त्यानं नको म्हटलं नाही, कारण लपवण्यासारखं आपण काही करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. साध्या किड्याला तो एकदा शिवायचा, किडा सरकला की लिहून पुढे जायचा. जाळलेला सरकला की मात्र पुटपुटायचा, "हे चुकून झालं," आणि पुन्हा शिवायचा. मग आणखी एकदा. शेवटी किडा हलायचा थांबला की लिहायचा, बधिर. अशा रीतीनं विसातले एकोणीस बधिर भरले. माणूस लबाड नव्हता, त्याला फक्त हवं तेच दिसत होतं. बाईंना त्याचाच जास्त संताप आला.

शुक्रवारच्या बैठकीत गार्साइडनं एकोणीसचा आकडा फळ्यावर लिहिला. मदतनीस मागे हीटरपाशी बसत, आणि तिथून आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. बाई उठल्या, हातातली बशी घेऊन सरळ पुढे गेल्या आणि टीव्हीला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेवली.

"हा माझ्या बशीतला साधा किडा. याला कुणी लेझर दाखवलेला नाही."

पडद्यावर केस डोक्याशी आला. किडा झटकन मागे गेला.

"एनिड, हे सगळ्यांना ठाऊक आहे," गार्साइड हसून म्हणाला.

"बसा हो जरा, डॉक्टर."

त्या शिवत राहिल्या. चौथ्या वेळी किडा थोडा कमी सरकला. आठव्या वेळी नुसती मान वळवली. तोवर खोलीतलं हसू बंद पडलं होतं. बाराव्या वेळी केस डोक्यावरून फिरला आणि किडा ढिम्म. तेराव्या वेळीही ढिम्म.

बाई वळल्या. "सांगा डॉक्टर, याची कुठली पेशी जाळलीत?"

मग पुढच्या रांगेतल्या वृद्ध संचालकांनी शांतपणे विचारलं, "लायनेल, तू एकेका किड्याला किती वेळा शिवलास?"

खडू खाली ठेवून गार्साइड बाईंकडे वळला. "सगळ्यांदेखत तुम्ही मला खोटं पाडलंत," तो म्हणाला.

"मी नाही. या किड्यानं." बाईंनी बशीवर झाकण ठेवलं. आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "आणि सोमवारी मी वरच बसणार आहे. उठवायचं असेल तर कारण कागदावर लिहून द्या, खाली सही करा."

गार्साइडनं खिशातलं पेन काढलं, बोटांत फिरवलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.