बेल न वाजवता गेलेले माझे मिस्टर

भूत, भास, करणी... कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रिपोर्टमध्ये येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. तरीही हे लिहितेय.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवी मुंबईत जुईनगरला स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. माझे मिस्टर जनरेटर मेकॅनिक. एका कंत्राटदारामार्फत इराकमधल्या परदेशी लष्करी तळावर जायचे. सैनिक नव्हेत – पण रॉकेट पडलं की सैनिकांबरोबर बंकरमध्ये तेही. एक कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरी, जरा स्थिरावले की लगेच पुढचं.

त्या सुट्ट्या अजून आठवतात... आमच्या लेकीला, सईला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत फेरी, येताना गरम भजी. सुरुवातीला मात्र पाहुण्यासारखे वागायचे. "साखर कुठे असते गं?" असं विचारायचे. घर ओळखीचं होईतो बॅग भरायची वेळ यायची.

शेवटच्या कॉन्ट्रॅक्टमधली गोष्ट. रविवारची दुपार, मी सईची वेणी घालत होते. शेजारच्या म्हात्रे काकू दारात आल्या. इथल्याच गावातल्या, वयस्कर. आदल्या दिवशीच बाथरूममध्ये पडल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये.

"नवरा आला, सांगितलास पन नाय?"

"कोण आलं काकू?"

"अगो, आत्ता माजी भाजीची पिशवी त्यानंच वर आनली. केसांत नुसती धूल! तुज्या दाराशी उबा रायला, बेलवर हात नेला... नि तसाच खाली गेला."

मी धावत खाली गेले. जिना रिकामा. वॉचमन म्हणाला, कुणीच आलं नाही. यांचा फोन लागेना.

संध्याकाळी यांचाच फोन आला, आवाज बसलेला. तळावर रॉकेटं पडली होती, बराच वेळ बंकरमध्ये होते. "भीती वाटली की डोळे मिटून घरी येतो मी. स्टेशन, भाजीवाले, आपला जिना... आजही आलो." मग म्हणाले, "काकूंना प्लास्टर कसलं गं?"

हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. काकूंकडे तर त्यांचा नंबरही नव्हता.

त्यानंतर ते कायमचे परतले. आता जवळच पावणे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहेत. दिवाळीत पहिला फटाका वाजला की आतल्या खोलीत जाऊन बसतात. सई शेजारी जाऊन बसते.

लॅबमधले म्हणतात, काकूंनी दुसऱ्या कुणाला पाहिलं असेल. असेल... पण प्लास्टरचं काय?

एकदा धीर करून यांना विचारलं, "दारापर्यंत आलात, मग बेल का नाही वाजवलीत?"

"सईनं दार उघडलं असतं," ते म्हणाले. "मग तिच्यासमोरून पुन्हा निघावं लागलं असतं."

हे कसं घडलं, ते त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही.