माळकऱ्याच्या तोंडाला टोनर

गळ्यात तुळशीची माळ आणि तोंड टमाट्यासारखं लाल, अशा माणसाकडं लोक कसं बघतात ते मला विचारा. जवळा बाजार या गावात माझं बी-बियाणं अन् पिकांच्या औषधांचं दुकान आहे. ऊन लागलं, खताची धूळ उडाली, चहा जरा गरम प्यालो, की माझे गाल पेटतात. गिऱ्हाईक डोळा मारतं. "काय भाऊ, सकाळी सकाळीच?" अहो, थेंबाला शिवलेलो नाही मी! पण हे किती जणांना सांगत बसू? बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

डॉक्टर म्हणाले, कातडी नाजूक आहे, जपा. नांदेडला शिकणारी लेक म्हणाली, "बाबा, तोंडाला कोरियाचं काहीतरी लावून बघा. टोनर असतो, इसेन्स असतो. तुमच्यासाठी इसेन्सच बरा." आता इसेन्स म्हणजे आमच्याकडं बासुंदीत टाकायची बाटली. चाळिशी ओलांडलेल्या बाप्यानं तो तोंडाला लावायचा? टोनर निदान झेरॉक्सच्या मशीनमध्ये तरी घालतात. त्यात जरा पुरुषपणा वाटला. खोटं कशाला बोलू, एवढ्यावरच निवड केली. लेकीला न सांगता मोबाईलवरून टोनर मागवला आणि पत्ता दुकानाचा दिला.

बाटली गल्ल्याखाली लपवली. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं आणि कापसानं तोंडाला फासायचं. असं झोंबायचं बाप्पा, की डोळ्यांत पाणी! पण झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, असं आमच्यात मानतात. 'आधी डब्यावरचं वाच, मग फवार,' असं शेतकऱ्याला बजावणारा मी, स्वतःच्या बाटलीवरचं एक अक्षर वाचलं नाही.

तसाच पेटलेल्या तोंडानं घरी जायचो. बायको म्हणाली, "काहून वास येऊन राहिला?" दुकानातल्या औषधाचा, असं सांगून टाकलं. तिला पटलं. म्हाताऱ्या आईला नाही पटलं. ती आधी जेवताना भरभरून बोलायची, ते कमी झालं. मग ताट सरकवताना माझ्याजवळ वाकून हळूच नाकानं श्वास ओढायला लागली. आणि एका एकादशीला बायको विहिरीवर गेली असताना म्हणाली, "प्यायचं तर पी. पण गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेव. माळ घालून न्हाई प्यायची."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माझा बाप पीत होता असं आमच्या भावकीत सांगतात. मला नीट आठवतही नाही, इतक्या लवकर तो गेला. मी त्याच्यावर जाऊ नये म्हणून आईनं मला शाळेच्या वयातच माळ घातली. आणि आज तीच माळ काढ म्हणत होती.

एका वाक्यात सुटलो असतो. आई, हे तोंडाला लावायचं पाणी आहे. पण लाज वाटली. दारूची नाही, टोनरची! बायकी म्हणवून घेण्यापेक्षा बेवडा म्हणवून घेणं मला सोपं वाटलं, आणि तेही सख्ख्या आईपुढं. हे सांगतानाही कान तापून राहिलेत. मान खाली घालून उठलो. आईनं काय समजायचं ते समजून घेतलं.

शेवटी बाटलीचा फोटो लेकीला पाठवला. फोनवर ती ओरडलीच. "बाबा! यात पाण्याच्या खालोखाल अल्कोहोल आहे. नाजूक कातडीला हेच तर लावायचं नसतं!" म्हणजे हा माळकरी रोज संध्याकाळी तोंडाला दारू चोळून घरी जात होता. हसावं का रडावं? मग तिनंच इसेन्स निवडून पाठवला. बिनवासाचा, बिनअल्कोहोलचा, तांदूळ आंबवून केलेला. आंबवलेला म्हणल्यावर मी पुन्हा हबकलो.

दोन्ही बाटल्या घेऊन आईपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. टोनरचं बूच काढून तिच्या नाकाशी धरलं. "ह्योच वास," ती म्हणाली. मग इसेन्स तिच्या तळहातावर ओतला, कसा करतात तेही सांगितलं.

"मंग आंबील म्हण की," आई म्हणाली. "महालक्ष्म्यांना निवद दाखवतो आपण आंबिलीचा. त्यात कशाची लाज?" तिनं तो ओला हात माझ्या गालावर फिरवला. अजिबात झोंबलं नाही. सुटलो बुवा, असं वाटलं.

पण तिचा हात गालावरून निघेना.

"मंजे तोंड उगंच बी लाल व्हतं?"

"व्हय. कातडीच तशी असते. बापाकडून लेकराकडं येते म्हणले डॉक्टर."

तिनं माझं तोंड उजेडाकडं वळवलं.

"तुझ्या बापाचं बी असंच पेटायचं. रानातून आला की असंच."

"वास यायचा का त्यांच्या तोंडाला?"

"न्हाई. कधीच न्हाई आला. म्या म्हणायची, लवंग चावून आला. तो गळ्यातल्या माळेला हात लावून शपथ घ्यायचा, थेंब न्हाई घेतला म्हणून." आईनं हात मागं घेतला. "म्या माळ तोडून घेतली त्याची, लेकरा. गेला तवा गळा मोकळाच व्हता."