झटका लागू नये म्हणून

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी ब्रिगेडमध्ये होती. मी ईएमईचा हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सकाळी गाड्या गरम करायच्या, दिवसभर रिपेअर, संध्याकाळी रिपोर्ट. मी केज तालुक्यातला, युसूफ वडगावचा. अख्ख्या बटालियनमध्ये बीड जिल्ह्याचा दुसरा माणूस एकच होता: नायक तुळशीराम कोळेकर, ॲम्ब्युलन्स जीपचा ड्रायव्हर, चकलांब्याकडचा. आम्ही दोघं बोललो नाही तर आठवडा-आठवडा मराठी कानावर पडत नसे.

तो मला उस्ताद म्हणायचा. कमी बोलायचा. त्याचे वडील मेंढरं राखायचे. आई लहानपणीच गेलेली. गावाकडे तेव्हा सलग दुष्काळ होता आणि फोन लागला की तो एकच विचारायचा, "टँकर येतंय का?"

त्या थंडीत पुढच्या पोस्टवरून एका जवानाला खाली आणलं. कमरेला मार होता. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे आरएमओ कॅप्टनसाहेबांनी, त्याला तपासलं आणि बाहेर येऊन मला बोलावलं.

"हवालदार, गोळीने केलं नाही ते रस्त्याने केलं. काही करता येईल?"

मी गाडीखाली गेलो. ॲक्सलच्या बरोबर वर, चासीला, रबराचा एक ठोकळा असतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात. गाडी खड्ड्यात आदळली की स्प्रिंगचे पाटे पूर्ण दबतात आणि ॲक्सल वर येतो. तो लोखंडावर न आदळता या रबरावर बसावा, म्हणून तो ठोकळा. आमच्या गाडीचे ठोकळे थंडीने दगडासारखे झाले होते, चिरले होते आणि मुळातच आखूड होते. आत झोपलेल्या जखमी माणसाला प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसत होता.

तुळशीराम आणि मी कामाला लागलो. एका मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रकचं इंजिन माउंटिंग काढलं. त्याचं रबर जाड आणि थंडीतही मऊ राहणारं. त्यातून लांब, खाली निमुळते ठोकळे कापले. निमुळतं टोक ॲक्सलला आधी भेटतं, हळू दबतं आणि मग रुंद भाग वजन घेतो. धक्का एकदम बसत नाही.

ट्रायलला तुळशीराम स्वतः स्ट्रेचरवर झोपला. पट्टे आवळून घेतले. गाडी मी चालवली.

"कसं?"

"टाँगा बरा, उस्ताद. लई लांब झाले. पाट्याला दबायला जागाच न्हाई."

मी थोडे कापले. तो पुन्हा झोपला. असं आम्ही करत राहिलो. शेवटच्या वेळी मी मुद्दाम नाल्यातून गाडी घेतली. मागून आवाज आला नाही म्हणून थांबून बघितलं. त्याला झोप लागली होती.

नंतर पुढच्या पोस्टवर शेलिंग सुरू झालं. तुळशीराम सकाळी एक जखमी खाली घेऊन आला, स्ट्रेचर उतरवून दिलं, दोन घोट चहा घेतला आणि परत वर गेला. मी सिग्नलच्या बंकरमध्ये वायरलेस सेटजवळ उभा होतो. वरून तुळशीरामचा आवाज आला.

"कॅज्युअल्टी लोड केली. मूव्ह करतोय. ओव्हर."

"रॉजर. रस्ता क्लिअर आहे. ओव्हर."

यानंतर सेटवर फक्त खरखर होती. ऑपरेटर हाक मारत राहिला. उत्तर आलं नाही.

आम्ही वर गेलो. गाडी वळणाच्या आत, डोंगराच्या बाजूला उभी होती. हँडब्रेक ओढलेला. काच फुटलेली. तोफगोळ्याचा स्प्लिंटर तुळशीरामच्या छातीत होता. दरीच्या बाजूला गाडी जाऊ न देता त्याने ती थांबवली होती. मागे स्ट्रेचरवरचा जवान जिवंत होता. तो पुढे बरा झाला आणि घरी गेला.

सीओसाहेबांनी मला बोलावलं. "तू त्याच्या जिल्ह्याचा आहेस. एस्कॉर्ट तू जा."

"जी, साहब."

तुळशीरामची पेटी घेऊन औरंगाबादपर्यंत विमानाने आणि तिथून लष्कराच्या ट्रकने आम्ही निघालो. सोबत सलामीची गार्ड होती, तिचे कमांडर एक सुभेदारसाहेब. गेवराईच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. रान नुसतं तांबडं-काळं. विहिरींवर मोटारी नव्हत्या, काढून घरी नेलेल्या. वाटेत सहकारी साखर कारखान्याने उघडलेली चारा छावणी लागली. आसपासच्या वाड्या-वस्त्यांची जनावरं आणि माणसं तिथेच होती. छावणीच्या तोंडाशी लोक उभे होते. बायका रडत होत्या. बरोबर दूध संस्थेचे चेअरमन होते आणि त्यांच्या शेजारी घोंगडं घेतलेला एक उंच म्हातारा. ते तुळशीरामचे वडील, म्हसूबाबा.

चेअरमन म्हणाले, "अंत्यविधी इथंच करू. माणसं इथं हायती, सावली हाय."

म्हातारा म्हणाला, "न्हाई. वस्तीवर. तेच्या मायला जिथं अग्नी दिला तिथं."

वस्ती ओढ्यापलीकडे होती. ओढ्यावरचा फरशी पूल केव्हाच खचला होता. ट्रक जाण्यासारखा नव्हता. दूध संस्थेची एक जुनी जीप होती. पूर्वी ती वस्त्यांवरून दुधाचे कॅन आणायची. आता दूध नव्हतं, म्हणून पाण्याचे ड्रम न्यायची. ड्रायव्हर गफूरचाचांनी मागचा भाग पुसून घेतला. पेटी त्यात ठेवली, दोरीने बांधली. मी पेटीजवळ बसलो.

उतार सुरू झाला आणि पहिल्याच खड्ड्यात खालून आवाज आला. लोखंडावर लोखंड. पेटी दोरीसकट उचलली गेली आणि आपटली.

"चाचा, थांबा."

मी खाली वाकून बघितलं. मागचे दोन्ही बंप स्टॉप नव्हतेच. ते धरणाऱ्या नुसत्या लोखंडी पट्ट्या राहिल्या होत्या.

सुभेदारसाहेब आले. "क्या हुआ, हवालदार?"

"साहब, ठोकळे लावायला लागतील."

"टाइम नहीं है."

चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "हवालदार, तेला आता कशाचा झटका? दिवस कलायलाय. सावकाश घेऊ."

त्यांचं चुकत नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. तेव्हा म्हसूबाबा पुढे आले.

"काय झालं रं?"

मी त्यांना सांगितलं. त्यांच्या पोराने आणि मी तिकडच्या गाडीला काय केलं होतं ते. तो स्वतः स्ट्रेचरवर कसा झोपायचा ते. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग करा की," ते म्हणाले. "थांबतेत समदे."

सुभेदारसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "ठीक है. जल्दी करो."

छावणीत ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांचे जुने टायर पडले होते. गफूरचाचांनी एक ओढून आणला. त्याच्या बाजूच्या भागात तार नसते. तिथून तुकडे कापायचे, एकावर एक ठेवून बोल्टने आवळायचे, खालचे लहान, वरचे मोठे. ऊसतोडीचा कोयता मिळाला. पण जाड रबर कोरड्या पात्याने कापलं जात नाही. पातं सतत ओलं ठेवावं लागतं. पाण्याच्या ड्रमजवळ घागरींची रांग होती. मी पाणी मागितलं नाही.

म्हसूबाबांनी ते ओळखलं. त्यांच्या तांब्यात स्वतःच्या वाट्याचं पाणी होतं. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि पात्यावर धार धरली. मी कापत होतो, ते ओतत होते. रांगेतली एक बाई आली आणि तांब्यात पाणी घालून गेली. मग दुसरी आली.

ठोकळे बसवले. गफूरचाचा म्हणाले, "आता चलो, मैं संभालके लेता."

ओढ्याच्या काठावर जीप खाली गेली, दगडांवरून गेली, पलीकडचा चढ चढली. माझे दोन्ही हात पेटीवर होते. गाडी हलत होती, पण खालून आवाज आला नाही. मागून छावणीतली माणसं चालत येत होती. म्हसूबाबा जीपच्या बरोबरीने चालत होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

वस्तीत कोणी नव्हतं. घरांना कड्या होत्या. गार्डने सलामी दिली, फैरी झाडल्या. बिगुल वाजला. म्हाताऱ्याने अग्नी दिला. पेटीवरून आधी काढून घडी केलेला तिरंगा मी त्यांच्या हातात दिला. तो कसा धरायचा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो घोंगड्यात, छातीशी धरला.

जनावरांची पाण्याची वेळ झाली होती. लोकांना परत जावं लागलं. ट्रक पलीकडे थांबला होता. सुभेदारसाहेब मला म्हणाले, "तुम रुको. सुबह आ जाना." आम्ही दोघंच राहिलो. त्या वस्तीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

म्हसूबाबा म्हणाले, "हवालदार, येक इचारू?"

"विचारा, बाबा."

"तो बोलायचा का? मी वर्षातलं आठ महिनं मेंढरांमागं. घरी आलो की तो साळंत. मग तो फौजेत गेलता. आमचं बोलणं कदी झालंच न्हाई. मला तेचं काईच म्हाईत न्हाई."

मग मी बोलायला लागलो. आठवेल ते सांगितलं. तो जेवताना कांदा हाताने फोडायचा. गाडीला नावं ठेवू नयेत म्हणायचा. पत्त्यांत हरला की उठून जायचा आणि थोड्या वेळाने मुकाट्याने परत येऊन बसायचा. चिडला की हिंदीत शिव्या द्यायचा. झोपेत मेंढरं हाकायचा, सगळी बॅरक हसायची.

"मेंढरं?" म्हातारा म्हणाला.

"हो. हुर्र, हुर्र करून."

"आनी?"

"आणि त्याला पोहता येत नव्हतं. रिव्हर क्रॉसिंगच्या ट्रेनिंगला फार घाबरला होता. कमरेएवढ्याच पाण्यात मला धरून उभा राहिला."

म्हाताऱ्याने सुकलेल्या ओढ्याकडे बघितलं.

"कसं येनार पवायला," ते म्हणाले. "पानी कुठं हुतं." आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी तोंडाला घोंगडं लावलं.

म्हसूबाबा पुढे थोडीच वर्षं होते. मी रिटायर होऊन गावी आलो. मुलं पुण्याला आहेत, मंडळी वारल्या. तुळशीरामला ओळखणारा माणूस आता या जिल्ह्यात माझ्याशिवाय नसावा. तो कांदा हाताने फोडायचा. हरला तरी परत येऊन बसायचा. वळणावर त्याने आधी हँडब्रेक ओढला.